ताप उतरला, जंतू राहिला: टायफॉइडच्या वाहकांसाठी एक खुले पत्र

प्रति,
गोव्यातील सार्वजनिक आरोग्य, अन्नसुरक्षा आणि माध्यान्ह आहार यांची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

माझी आई अकरा वर्षं शाळेतल्या मुलांसाठी रांधत होती. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात सात बायकांचा स्वयंसहाय्य गट आहे, माध्यान्ह आहाराचं काम त्यांच्याकडे. पहाटे चारला आमच्या रांधपघरातला दिवा लागायचा, साडेपाचला पोदेर पावांची टोपली पायरीवर उतरवायचा आणि साडेसातला मसुराच्या भाजीचा टोप रिक्षात चढलेला असायचा. गेलं दीड वर्ष आई स्वतःहून घरी बसली होती, कारण तिच्या पोटात टायफॉइडचे जंतू सापडले होते. उपचार झाले, तपासण्या झाल्या. यंदा शाळा सुरू होताना ती कामावर परत जाणार होती. त्याच आठवड्यात गटप्रमुख बाईंना वरून निरोप आला की टायफॉइडवाल्या बाईला स्वयंपाकघरात घेऊ नका, घेतलं तर गटाचं काम जाईल. निरोप तोंडी होता. कुणाचा आदेश, कोणत्या नियमाखाली, किती दिवसांसाठी, यातलं काहीही कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी आईच्या शौचाच्या तीन तपासण्यांचे अहवाल घरी फायलीत होते. तिन्हींत जंतू नाही. ते अहवाल बघायला कुणी मागितलेही नाहीत.

म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते उघड लिहिते आहे.

आई टायफॉइडची वाहक होती हे खरं आहे. तिच्या हातचं खाऊन माझा सात वर्षांचा पुतण्या आजारी पडला, हेही बहुधा खरंच आहे. वाहक माणसाने पोटातले जंतू जाईपर्यंत दुसऱ्यांसाठी अन्न करू नये हा नियम मला पूर्ण मान्य आहे आणि आईलाही मान्य होता. पण ती वाहक आहे हे सहा वर्षं कुणाला कळलं नाही. कळल्यावर योग्य औषध सुरू व्हायला चौदा महिने गेले. आणि आता ती बरी झाली, तर बरी झाली असं सही करून सांगणारं कुणी सापडत नाही. माझी तक्रार याबद्दल आहे.

हे वाचणाऱ्या पुष्कळांना वाहक म्हणजे काय ते ठाऊक नसेल. आम्हालाही नव्हतं. टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, फक्त माणसात राहतो. गुरात नाही, कोंबडीत नाही, अंड्यात नाही. त्यामुळे टायफॉइडचा प्रत्येक नवा रुग्ण कुणा ना कुणा माणसाच्या पोटातून बाहेर पडलेल्या जंतूनेच आजारी पडतो, मग तो पाण्यातून येवो की हातातून. ताप उतरल्यावर बहुतेकांच्या शरीरातून हा जंतू काही आठवड्यांत निघून जातो. शंभरातल्या साधारण २ ते ५ जणांत मात्र तो पित्ताशयात ठाण मांडतो. पित्ताशयात खडे असले तर त्याला घरच मिळतं. पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा खड्यावर तो चिकट थर धरतो आणि त्या थराच्या आड औषध नीट पोचत नाही. तिथून पित्ताबरोबर आतड्यात, आतड्यातून शौचात. वर्षभरानंतरही शौचात जंतू सापडत राहिले तर त्या माणसाला दीर्घकालीन वाहक म्हणतात. असे वाहक पुरुषांपेक्षा बायकांत जास्त असतात, उतारवयात जास्त असतात. त्यांना ताप येत नाही, पोट दुखत नाही, अंगात कसर नाही. आई त्या सहा वर्षांत एक दिवस आजाराने झोपली नाही.

आठ वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला चौदा दिवस ताप होता. टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची विडाल चाचणी झाली, गोळ्या मिळाल्या, ताप गेला. "आता सगळं खा," डॉक्टरांनी सांगितलं आणि प्रकरण मिटलं. मग दोन वर्षांपूर्वीची चतुर्थी. पातोळ्या वाफेवर शिजतात, खतखतं तासभर रटरटतं, त्यात हा जंतू टिकत नाही. पण तवशाचं करम, म्हणजे काकडीची कोशिंबीर, आई हातानेच कालवते. तवशी बारीक चिरून, वर ओलं खोबरं, मिरची, मीठ, चिमूटभर साखर, आणि मग पाचही बोटांनी सगळं हळूहळू एकजीव करायचं. पुतण्या मांडी घालून तिच्या शेजारी बसलेला, कारण चव बघायचा मान त्याचा. दोन आठवड्यांनी त्याला ताप भरला. १०४ पर्यंत चढायचा, उतरायचं नाव नाही. इस्पितळात ठेवला, रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, साल्मोनेला टायफी आला. महिन्याभराने शेजारच्या काकींची सून त्याच तापाने पडली. तीही चतुर्थीला आमच्याकडे जेवली होती, आणि त्यानंतरही दोन-तीनदा.

इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरणीने आम्हाला जो प्रश्न विचारला तो त्याआधीच्या सहा वर्षांत दुसऱ्या कुणी विचारला नव्हता: "घरात याआधी कुणाला टायफॉइड झाला होता? आणि घरात स्वयंपाक कोण करतं?" तिने घरातल्या पाचही जणांचे शौचाचे नमुने तपासायला लावले. चौघांचे चांगले आले. आईचा आला नाही. पुन्हा तपासला, पुन्हा तेच.

अहवाल वाचून दाखवला तेव्हा आई बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाये, म्हज्या हातांत वीख आसा काय गो?" त्या रात्री ती जेवली नाही. शाळेतल्या मुलांची नावं घेत राहिली. सहा वर्षांत त्यातल्या कुणाला ताप आला असेल, कुणाला नसेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही, कारण कुणी पाहिलंच नाही. भाजी उकळती जायची, एवढाच आम्हाला आधार. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही. गटाला आम्ही खरं कारण सांगितलं नाही, पित्ताचा त्रास आहे म्हणालो. ते चुकलं, मला त्याची लाज वाटते. पण त्या वेळी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते यंदा दिसलंच.

आता तक्रारी सांगते.

पहिली, फिटनेसच्या दाखल्याची. अन्न हाताळणाऱ्या माणसांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी आणि त्यांना टायफॉइडच्या गटातल्या रोगांविरुद्ध लस दिलेली असावी, असं देशाच्या अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या नियमांत लिहिलेलं आहे. आईकडे हा दाखला होता. दरवर्षीचा. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. डोळे बघितले, नखं बघितली, कातडीवर काही आहे का विचारलं, लस घेतल्याचा कागद बघितला, शिक्का मारला. "तुम्हाला पूर्वी टायफॉइड झाला होता का" हा एक प्रश्न त्यात नव्हता. तो विचारला असता तर आईने हो म्हटलं असतं, लपवण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं. आणि लसीबद्दलही हे समजून घ्या की लस निरोग्याला रोगापासून वाचवते, वाहकाच्या पित्ताशयातला जंतू ती काढत नाही. म्हणजे आई लस घेतलेली, शिक्का मारलेली, नियमात शंभर टक्के बसणारी वाहक होती. तो कागद बघून तुम्ही निश्चिंत होतात आणि आम्हीही.

दुसरी, विडालची. ही चाचणी १८९६ सालची आहे. पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल, लस घेतली असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. वाहक ओळखायला तर तिचा उपयोगच नाही. तरीही शौचाच्या कल्चरमध्ये जंतू सापडल्यावर आईची विडाल पाच वेळा केली गेली, पाच वेगवेगळ्या ठिकाणी, आणि प्रत्येक वेळी आकडा वर गेला की खाली आला यावर गोळ्या बदलल्या गेल्या.

तिसरी तक्रार औषधांची. हिच्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले.

पहिल्यांदा आईला दहा दिवस सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिलं. गोळी गरम पडते म्हणून ती रोज पेलाभर दुधाबरोबर घ्यायची आणि वर जळजळ होते म्हणून ॲसिडिटीची चघळायची गोळी. दुधातलं कॅल्शियम आणि त्या गोळीतला ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम हे औषध आतड्यातच धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं जात नाही. आम्हाला हे एका फार्मासिस्टने सांगितलं, तेही दहा दिवस उलटून गेल्यावर. तपासणी केली तर पुन्हा जंतू. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सात दिवस ॲझिथ्रोमायसिन. मग तिसऱ्यांनी चौदा दिवस सेफिक्झिम. दर वेळी कोर्स संपल्या संपल्या केलेली तपासणी चांगली यायची, घरात पेढे नाही पण निदान चहा तरी मोकळ्या मनाने व्हायचा, आणि महिन्या-दीड महिन्याने जंतू परत. हे असं का होतं, हे कुणी तरी आधी सांगायला हवं होतं: अंगात ताप असलेल्या टायफॉइडचा उपचार आणि वाहकाचा उपचार हे दोन वेगळे उपचार आहेत. रक्तातला जंतू आठ-पंधरा दिवसांत मरतो, पित्ताशयातला मरत नाही. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि टायफॉइडने माणसं मरायची कितीतरी कमी झाली, पण त्या औषधानेही वाहक बरे झाले नाहीत.

वाहकासाठी औषध दीर्घकाळ द्यावं लागतं. जंतू दाद देणारा असेल तर सिप्रोफ्लॉक्सॅसिन पुरे २८ दिवस, किंवा ॲमॉक्सिसिलिन मोठ्या मात्रेत किंवा को-ट्रायमोक्साझोल सहा आठवडे. हे नवीन संशोधन नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शनात छापलेलं आहे. त्या काळात अशा उपचारांनी दहातल्या आठांपर्यंत वाहक जंतुमुक्त होत असत. पण "दाद देणारा असेल तर" हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आज आपल्या देशात सापडणाऱ्या टायफॉइडच्या जंतूंपैकी बहुसंख्य सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेखीत हे वर्षानुवर्षं दिसतं आहे. उलट ॲम्पिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल ही जुनी औषधं, जी मधल्या काळात निकामी झाली होती, ती आता पुन्हा बऱ्याच जंतूंवर चालतात. आईचा जंतू नेमका असाच निघाला. पण हे कळायला जंतू वाढवून त्याच्यावर एकेक औषध लावून बघावं लागतं. ती चाचणी पहिल्याच कल्चरबरोबर व्हायला हवी होती, झाली चौदा महिन्यांनी. तो कागद माझ्याकडे आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर आर, म्हणजे दाद देत नाही; ॲम्पिसिलिनसमोर एस, म्हणजे दाद देतो; को-ट्रायमोक्साझोलसमोर एस. दोन अक्षरांसाठी चौदा महिने, आणि ज्या औषधाला हा जंतू हसत होता ते आईने दहा दिवस घेतलं.

हा केवळ आमच्या पैशांचा प्रश्न नाही. अर्धवट मात्रेत, अर्धवट दिवस दिलेलं प्रत्येक अँटिबायोटिक वाहकाच्या पोटातल्या जंतूला शिकवण देतं, आणि तो शिकलेला जंतू मग दुसऱ्याच्या ताटात जातो. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात पसरलेल्या टायफॉइडवर सेफ्ट्रिॲक्झोनसुद्धा चालत नाही, तोंडाने घेण्यासारखं एक ॲझिथ्रोमायसिनच उरलं आहे. तेच औषध इथे खोकल्यापडशाला दिलं जातं.

याच जोडीला एक उलटी गोष्टही सांगायला हवी. टायफॉइडचा साल्मोनेला वेगळा आणि अंडी, कोंबडी, अर्धकच्चं मटण यांतून जुलाब करणारा साल्मोनेला वेगळा. पुतण्याचं ऐकून घाबरलेल्या आमच्या एका नातेवाइकाने हॉटेलात जेवून जुलाब झाल्यावर मुलाच्या शौचाची तपासणी केली, त्यात हा दुसरा साल्मोनेला आला, आणि मुलाला एकापाठोपाठ एक दोन अँटिबायोटिक दिली गेली. एरवी निरोगी माणसाला या दुसऱ्या प्रकारात अँटिबायोटिक लागत नाही. उलट त्याने जंतू शौचातून जास्त दिवस पडत राहू शकतो. पाणी-मीठ-साखर, हात धुणं आणि काही आठवडे धीर, बस्स. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि जंतू रक्तात गेलेले रुग्ण यांचं वेगळं. म्हणजे जिथे लांबलचक औषध हवं तिथे दहा दिवसांचं दिलं जातं आणि जिथे नको तिथे दोन-दोन दिली जातात. ही गल्लत तुमच्या एका परिपत्रकाने सुटू शकते.

चौथी, खड्यांची. पोटाची सोनोग्राफी करा असं चौदा महिने कुणी म्हटलं नाही. केली तर पित्ताशयात तीन खडे. खडे असतील तर नुसत्या औषधाने जंतू जाण्याची शक्यता फार कमी होते, पित्ताशय काढावं लागतं, आणि काढल्यावरही कधी कधी जंतू यकृताच्या नळ्यांत उरतो म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. शेवटी ज्या डॉक्टरांनी आईला हातात घेतलं त्यांनी ॲम्पिसिलिनच्याच जातीच्या ॲमॉक्सिसिलिनचे सहा आठवडे आणि मधल्या काळात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, असं दोन्ही केलं. त्यांनीच सांगितलं की दीर्घकाळ वाहक राहिलेल्यांत पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका जास्त आढळतो. स्कॉटलंडमधल्या वाहकांच्या पाठपुराव्यात हे दिसलं. टायफॉइड होऊन पूर्ण बरे झालेल्यांत तसा धोका वाढलेला नव्हता. म्हणजे वाहकाला शोधणं हे फक्त इतरांच्या रक्षणासाठी नसतं, त्या माणसासाठीही असतं. आईशी आजवर जे बोलले ते सगळे तिच्यापासून दुसऱ्यांना काय होईल एवढंच बोलले.

पाचवी, घराची. पुतण्याचं कल्चर पॉझिटिव्ह आलं, आईचं आलं, शेजारच्या सुनेला ताप आला, तरी आमच्या दारी कुणी आलं नाही. आमची विहीर जांभ्या दगडातली, आणि शेजारच्यांची शौचालयाची टाकी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. जांभा पाणी झिरपू देतो हे गोव्यात पोराटोरांना माहीत आहे. पाणी आम्हीच पैसे भरून तपासून घेतलं.

आणि नमुन्यांचं काय सांगू. सकाळी सहाला डबी भरायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची, मग काजूच्या रिकाम्या पिशवीत घालून कदंबाच्या बसमध्ये मांडीवर धरून बसायचं. लॅब नऊला उघडणार. खिडकीतली मुलगी नाकाला रुमाल लावून म्हणते, "एवढ्या उशिराचा नमुना चालत नाही." उन्हात तीन तास गेलेल्या नमुन्यात जंतू असला तरी वाढेलच असं नाही, तिचं बरोबर होतं. नमुना टिकवणाऱ्या माध्यमाची नळी आदल्या दिवशी दिली असती तर? ती असते, हे आम्हाला चौथ्या खेपेला कळलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला हे किती वेळा करायला लावायचं?

सहावी आणि शेवटची तक्रार त्या तोंडी निरोपाची. टायफॉइड मेरी हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. मेरी मॅलन, न्यूयॉर्कमधली आयरिश स्वयंपाकीण, आईसारखीच टायफॉइडची वाहक. १९०७ साली तिला पकडून बेटावर ठेवलं. १९१० साली पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं आणि कपडे धुण्याचं काम लावून दिलं. त्यात स्वयंपाकापेक्षा पैसे कमी होते. ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकाला लागली. १९१५ साली एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात सापडली, तिथे २५ जणांना टायफॉइड झाला होता. मग १९३८ साली मरेपर्यंत ती बेटावरच राहिली. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, तिला बरं करण्याचा खात्रीचा मार्ग कुणाकडे नव्हता. आज आहे. पण पोट भरायचं साधन काढून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही तर माणूस आजार लपवतो, हे तेव्हा होतं तसंच आहे. गोव्यातल्या खानावळींत, गाड्यांवर, लग्नाच्या स्वयंपाकात, जत्रेतल्या दुकानांत काम करणाऱ्यांनी आईचं काय झालं ते ऐकलं तर त्यातला कोण उद्या आपणहून सांगेल, "मला टायफॉइड होऊन गेलाय, माझी तपासणी करा"?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ज्याच्या कल्चरमध्ये टायफॉइडचा जंतू सापडला त्या प्रत्येकाची उपचारानंतर शौचाची तपासणी व्हावी, आणि तो अन्न हाताळणारा असेल तर अंतर ठेवून किमान तीन नमुने घेतले जावेत. नमुन्याची नळी गावच्या आरोग्य केंद्रात मिळावी आणि नमुना तिथेच स्वीकारावा. पुढे गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा जिल्हा इस्पितळात नेण्याचं काम यंत्रणेने करावं, रुग्णाने बसमधून नव्हे.

फिटनेसच्या तपासणीत पूर्वीच्या टायफॉइडचा प्रश्न सक्तीचा करावा. हो म्हणणाऱ्यांची शौचाची कल्चर तपासणी व्हावी. वाहकांच्या रक्तात जंतूवरच्या व्हीआय नावाच्या घटकाविरुद्धची प्रतिद्रव्यं बहुधा जास्त असतात, त्या चाचणीचाही चाळणीसाठी विचार करावा, मात्र ती लस देण्याआधी करावी. लसीनेही तीच प्रतिद्रव्यं वाढतात आणि मग निकालाचा अर्थ लागत नाही.

वाहकाच्या उपचाराची एक लेखी पद्धत ठरवून ती सरकारी आणि खासगी सर्व डॉक्टरांपर्यंत पोचवा. आधी जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते पाहणं, मग पूर्ण मुदतीचं औषध, सोनोग्राफी, खडे असतील तर शल्यचिकित्सकाकडे पाठवणी, आणि औषध संपल्यावर वर्षभर तपासण्या. ही औषधं महाग नाहीत, ती आरोग्य केंद्रातून फुकट मिळावीत. गोळी दुधाबरोबर घ्यायची की नाही, हे रुग्णाला त्याच्या भाषेत कागदावर लिहून द्यावं. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबात काय करू नये, तेही त्याच परिपत्रकात असावं.

घरातल्यांची तपासणी, विहिरीच्या पाण्याची तपासणी आणि घरातल्या मुलांना लस, हे रुग्णाने मागावं लागू नये. आपल्या शेजारी नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली सार्वजनिक मोहिमेतून लहान मुलांना टायफॉइडची संयुग्म लस दिली, जगात पहिल्यांदा. मग गोव्याला का जमू नये?

उपचार चालू असताना वाहकाला अन्नाशी संबंध नसलेलं काम किंवा त्या काळापुरतं वेतन द्यावं. त्याचं नाव गावभर करू नये. आणि तो जंतुमुक्त झाला की एका ठरलेल्या अधिकाऱ्याने ठरलेल्या दिवसांत तसं पत्र द्यावं. आईचे अहवाल घेऊन मी तीन कार्यालयांत गेले. प्रत्येकाने पुढच्याचं नाव सांगितलं आणि तिसऱ्याने पहिल्याचं.

आई अजून पहाटे चारला उठते. सवय. करम आता वहिनी करते, आई बाजूला बसून मीठ किती ते सांगते. पुतण्या मात्र तिच्याच हातचं मागतो आणि रुसतो. तिचा चौथा नमुना पुढच्या महिन्यात द्यायचा आहे, तो आम्ही देऊच.

या पत्राचं उत्तर मला लेखी हवं आहे, उत्तर देणाऱ्याच्या नाव-हुद्द्यासह आणि तारखेसह. आईचं काम तोंडी निरोपाने गेलं. ते परत द्यायचं असेल तर कागदावर द्या आणि द्यायचं नसेल तर कारणही कागदावरच द्या.

आपली,
माध्यान्ह आहार रांधणाऱ्या एका बाईची मुलगी
फोंडा तालुका, गोवा